कढईत पडलेला नवरा

वार्तिनाबाईच्या संशयी स्वभावाबद्दल आमच्या डोंगरकडेला जे बोललं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं तिच्या नवऱ्यानंच पसरवलेलं आहे. लग्न लावताना मौलवींनी नवऱ्या मुलाचं नाव वाचलं, तेव्हा शेजारी बसलेल्या नवरीनं मान वाकवून ते कागदावर नीट लिहिलंय का हे बघून घेतलं होतं, असं तो नवरा, सुकार्जो, अजून सांगतो. भाजीवालीनं न मागता चार मिरच्या जास्त घातल्या, तर बाई घरी येऊन आधी वांगी उलटीपालटी करून बघते. सुकार्जो एकदा विनाकारण तिच्यासाठी गरमागरम मेंदोआन घेऊन आला. टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची भजी ती, दुसरं काही नाही. बाईनं भजी खाल्ली, बोटं पुसली आणि विचारलं, "बरं, आता सांग. काय करून आलास?"

बिचारा नुसता बाजारात गेला होता.

पण अशा बाईला देवानं काम दिलं तेही तिच्या जातीचंच. आमच्या आरोग्यकेंद्रातली ती थोरली परिचारिका, सगळ्यांची 'बू', म्हणजे बाई, आणि आमच्याकडे आरोग्यकेंद्रात माणूस येतो तो दोनच कारणांनी: माडावरून पडून, नाहीतर भाजून. घरोघरी माडाचा गूळ. पुरुष माडावर चढून नीरा उतरवतात, बायका ती चुलाणावर आटवत बसतात. सकाळभर आटवून आटवून ती तांबूस होते, मग तपकिरी होते, मग असा काही पाक होतो की बुडबुडा फुटला तरी बाई दोन पावलं मागं सरते. पाण्यानं भाजलेला माणूस पाणी झटकून टाकतो. पाक झटकला जात नाही. तो चिकटतो, आणि चिकटल्या जागी माणसाला शिजवत बसतो.

त्यात आमच्या लोकांची तऱ्हा अशी की भाजलं की पाण्याकडे कुणी धावत नाही, धावतात ते टूथपेस्टकडे. टूथपेस्ट नसली तर गोड सोया सॉस. मग भाजलेला माणूस पुदिन्याच्या वासाचा किंवा जेवणाच्या वासाचा होऊन वार्तिनाबाईसमोर येतो. आणि त्यावर तिसरा थर असतो थापेचा. दारूच्या नादात चुलीत हात घातलेला म्हणतो मांजर आडवं आलं. बायकोनं डाव फेकून मारलेला म्हणतो डाव सटकला. वार्तिनाबाई म्हणायची, "माझं काम धुण्याचं. आधी टूथपेस्ट धुवायची, मग थाप."

आणि थाप धुण्याची तिची एक पद्धत होती. ती तोंडाकडे बघायचीच नाही, जखमेकडे बघायची. लाल असेल तिथं बोटानं हलकं दाबायचं. बोट उचलल्यावर पांढरं झालेलं परत लाल झालं, म्हणजे खाली रक्त खेळतंय. फोड आलेत, पाणी भरलंय, माणूस हात लावू देत नाही, शिव्या देतोय, तर बाई खूश. पण जागा फिकट, चामड्यासारखी, दाबली तरी रंग बदलत नाही आणि माणूस म्हणतोय "इथं काही नाही हो, इथं दुखतच नाही," तर बाईचे डोळे बारीक व्हायचे. तिथंच आग आतपर्यंत गेलेली असते, दुखवणारी नसही जळलेली असते. बोंबलतं त्याची काळजी करू नका, गप्प बसतं त्याच्यावर नजर ठेवा, हे तिनं जखमांवरून शिकलेलं शहाणपण. पुढं ते तिनं माणसांनाही लावलं, आणि सगळा गोंधळ तिथून झाला.

कारण कास्वेनच्या सुनेला, रुस्मिनीला, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं, तेव्हा ती पोर एका शब्दानं बोलली नाही.

बोलत होती ती कास्वेन. कास्वेन बोलायला लागली की आमच्याकडे कोंबड्या अंगण बदलतात. "पाय घसरला हो बू! चुलाणापाशी ओलं असतं ना, पाय घसरला आणि हात गेला कढईत. मी सांगतच होते, सुनबाई, जपून. तरुण पोरी, लक्ष कुठं असतं!"

"कधी झालं?"

"आत्ता! हे आत्ताच!"

वार्तिनाबाईनं रुस्मिनीचा उजवा हात उचलला. मनगटापर्यंत पांढऱ्या टूथपेस्टचा लेप, आणि तो लेप वाळून जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा तडकलेला.

"आत्ताच?" बाई म्हणाली. "कास्वेन, तुझ्या घरी टूथपेस्ट उन्हात वाळवून लावता का?"

कास्वेन पहिल्यांदा गप्प झाली. बाईनं ते मनात टिपून ठेवलं.

उशीर झालेला होता, पण फार नाही. वार्तिनाबाईनं पोरीला मोरीपाशी बसवलं आणि नळ सोडला. बर्फ नाही, गार पाणी नाही, नळाचं साधं पाणी, बारीक धारेनं, बराच वेळ. टूथपेस्ट सुटली, मग चिकटलेला गूळ हळूहळू विरघळून तपकिरी पाणी खाली वाहू लागलं. खरवडायचं नाही, ओढायचं नाही. पाण्यालाच काम करू द्यायचं. बोटं सुजायला लागली होती म्हणून बाईनं आधी लग्नाची अंगठी साबण लावून हळूच फिरवून काढली. काढली तशी कास्वेननं झडप घालून ती उचलली आणि कमरेच्या कापडात खोचली.

"सुनेचा हात बघ आधी," बाई म्हणाली.

"हरवेल म्हणून हो!"

हेही बाईनं टिपलं.

मग हात धुऊन स्वच्छ झाला आणि वार्तिनाबाईला जे दिसलं ते तिला मुळीच आवडलं नाही. मागची बाजू आणि बोटं भाजलेली, मनगटावर बांगडीसारखी जवळजवळ सरळ रेघ. तिच्या वर धड कातडी. ना कोपरावर शिंतोडा, ना गळ्यावर, ना गालावर. पाय घसरून पडलेला माणूस तळहात उघडा टाकून पडतो. पाक उडतो, तोंडापर्यंत येतो. इथं तर हात कसा मोजून बुडवल्यासारखा. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे तळहात. त्याच्या मधोमध चांगल्या, न भाजलेल्या कातडीचा लांबट चौकोन, कडा पट्टीनं आखल्यासारख्या.

"मुलीच्या हातात काय होतं?" तिनं विचारलं.

"काही नाही," कास्वेन म्हणाली.

"मी हिला विचारतेय."

रुस्मिनीनं सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काही नाही, बू."

करंगळी फिकट पडली होती. बाईनं दाबलं, रंग हलला नाही. सुईचं टोक टेकवलं.

"दुखतंय?"

"नाही."

घ्या. हात गप्प, पोरगी गप्प, आणि बोलतेय ती सासू. वार्तिनाबाईनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पांढरं मलम लावलं, बोटं एकमेकांना चिकटून जाळी होऊ नये म्हणून प्रत्येक बोट वेगळं गुंडाळलं, हात उशीवर उंच ठेवला. मग दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ही इथंच राहील. तू घरी जा."

"मी तिच्या उशाशी बसते ना!"

"बसायला आम्ही आहोत."

डॉक्टरांनाही तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर शहाणा माणूस. त्यानं हात पाहिला, करंगळीला मांडीची कातडी लावावी लागेल, पुर्वोकर्तोच्या मोठ्या इस्पितळात पाठवू, असं सांगितलं, आणि म्हणाला, "तुमचा संशय बरोबर असेलही, बू. पण आधी विचारा, मग ठरवा. हिचं घर आहे ते. एकदा आपण 'सासूनं भाजलं' म्हणालो की या पोरीला त्या गावात परत जायला रस्ता उरणार नाही."

"आणि न म्हणता परत पाठवली, आणि खरंच सासूनं भाजलं असेल, तर?"

डॉक्टर पुर्वोकर्तोची चिठ्ठी लिहायला बसला. या पोरीनं कुठल्या घरी जायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो वार्तिनाबाईच्या गळ्यात पडला होता.

आरोग्यकेंद्राची गाडी चालवणारा तास्दी हा बाईचा जुना भांडखोर मित्र. दोघांचं पटायचं नाही, पण गप्पांना दुसरं कुणी मिळायचंही नाही.

"विटेचा तुकडा धरायला लावला असेल," तास्दी चौकोनाचं ऐकून म्हणाला.

"वीट एवढी पातळ असते का?"

"मग साबण."

"गरम पाकात साबण धरून हात घालतात? तुझ्या घरी अंघोळ कशी करतात रे?"

"बरं बू, तुम्हीच सांगा."

"चोरीचा आळ घेतला असेल. शपथ घ्यायला लावली असेल. हातात काहीतरी देऊन म्हणाले असतील, खरी असशील तर घाल हात." बाईला स्वतःचंच बोलणं पटत चाललं. "नवरा परदेशात. पोर एकटी. सासू कैदाशीण."

रुस्मिनीचा नवरा दार्किम कोरियात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. आमच्या गावचे निम्मे तरुण असेच कुठं कुठं आहेत. घरांना फरशा बसतात, आणि फरशीवर चालायला माणूस नसतो.

मग तो पट्टी बदलायचा दिवस आला. कास्वेनला बाईनं सकाळीच मुद्दाम घरी पिटाळली होती. पट्टी बदलण्याआधी दुखू नये म्हणून औषध दिलेलं, त्यानं पोरीचे डोळे जड झालेले. बाई जुनी पट्टी पाण्यानं भिजवून भिजवून सोडवत होती. रुस्मिनी छताकडे बघत होती. एकाएकी म्हणाली,

"बू, कांग दार्किम कढईत पडला."

वार्तिनाबाईचा हात थांबला. "कोण पडला?"

"कांग दार्किम. बियुंगच्या हातातून निसटला. मी धरायला गेले. धरला, पण... तेव्हापासून बोलत नाही तो. काहीच बोलत नाही." पोरीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी. "बियुंग म्हणते कुणाला सांगायचं नाही. कळलं तर आपला गूळ कुणी घेणार नाही."

कांग म्हणजे थोरला भाऊ, आणि आमच्या बायका नवऱ्यालाही तेच म्हणतात. बियुंग म्हणजे आई, सासूलाही तेच.

बाईनं पट्टी नीट बांधली. पण बाहेर आली तेव्हा तास्दीनं विचारलं, "बू, भूत बघितलंत का?"

"तास्दी, दार्किमला स्टेशनवर कुणी सोडलं होतं?"

"मीच. दोन पेट्या आणि आईनं दिलेला गूळ."

"परत आला असेल तर?"

"कळलं असतं की."

"लपून आला असेल तर?"

"लपून का येईल?"

"तेच तर!" बाई म्हणाली. संशयी माणसाचं हे असंच असतं, पुरावा नसणं हाच त्याला पुरावा वाटतो. दार्किम आलेला कुणी पाहिला नाही, म्हणजे लपून आला. लपून आला म्हणजे काहीतरी बिनसलं. बिनसलं म्हणजे भांडण झालं चुलाणापाशी. आणि आमच्या कढया काही लहान नसतात. बिचारी रुस्मिनी त्याला ओढायला गेली. आणि कास्वेन, स्वतःच्या पोटच्या पोराला... गूळ विकला जाणार नाही म्हणून...

"गाडी काढ," ती म्हणाली.

कास्वेनचं घर माडांच्या पलीकडे उतारावर. सकाळी घरी पिटाळलेली कास्वेन आता चुलाणापाशी बसली होती. सुनेचा हात भाजला म्हणून माड नीरा द्यायचे थांबत नाहीत. कढई उकळत होती; फेस वर आला की कास्वेन खोवलेल्या नारळाची चिमूट टाकत होती, आणि फेस मुकाट खाली बसत होता.

"भाजलं ती जागा बघायला लागते," वार्तिनाबाई म्हणाली. तास्दी दारात थांबला.

"बघा की. ही जागा, ही कढई, ही मी."

बाईनं सगळीकडे नजर फिरवली. जमीन कोरडी ठणठणीत होती. करवंट्यांत ओतलेला गूळ फळीवर ओळीनं गार होत होता.

"दार्किम कुठंय?"

कास्वेनच्या हातातला डाव थांबला. फेस वर आला, उतू गेला, चुलाणात पडून चरचरला. तिनं बघितलं नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"रुस्मिनीनं. कढईत पडला म्हणाली. तुझ्या हातून निसटला म्हणाली. कुठंय?"

कास्वेन मटकन खाली बसली. डोक्याला हात लावला. बराच वेळ काही बोलली नाही. आणि कास्वेनच्या बाबतीत हे म्हणजे कबुलीजबाबच.

"तांदळाच्या पिंपात," शेवटी ती पुटपुटली.

दारात तास्दीनं अल्लाचं नाव घेतलं.

"खाली ठेवलाय. वरून तांदूळ ओतलेत. लोक म्हणतात, तांदळात ठेवलं की जीव परत येतो." तिनं नाक पुसलं. "रोज काढून बघते. पुसते. काही नाही हो. गार पडलाय. दिवा सुद्धा लागत नाही."

"दिवा?"

पण बाईच्या कानात शब्द शिरत नव्हते. ती पिंपापाशी गेली. माणूस मावेल असं ते पिंप नव्हतं. कोंबडी जेमतेम मावली असती. पण संशय आपली मापं स्वतः घेतो. तिनं झाकण काढलं, बाही वर केली, डोळे मिटले आणि हात घातला. तांदूळ, तांदूळ, तांदूळ, आणि मग काहीतरी थंड, टणक, चपटं.

तिनं ते बाहेर काढलं. मोबाईल फोन होता. सगळीकडून गुळाचा थर चढून चिक्कीसारखा चकचकत होता, त्याला तांदळाचे दाणे चिकटलेले.

"हा दार्किम?" बाई म्हणाली.

"मग काय!" कास्वेनला आता राग आला. "दुसरा कुठला दार्किम येणार माझ्या घरी? दोन वर्षं हाच दार्किम आहे आम्हाला. याच्याशी बोलतो, याला ताटापाशी टेकवून जेवतो. 'दार्किमला चार्जिंगला लाव' म्हणतो. त्या दिवशी तो म्हणाला, बियुंग, पाक दाखव ना, वास येत नाही पण बघू तरी दे. म्हणून कढईवर धरला. घामाचा हात, निसटला. आणि ही वेडी! फोन पाकात पडतोय तर हिनं 'कांग!' म्हणून झेप घेतली. पकडला तो आणि त्याच्यासकट हात आत. मी ओरडतेय, सोड, सोड गं, तर सोडेना! बाहेर काढला तरी मूठ उघडेना. मी एकेक बोट सोडवलं."

वार्तिनाबाईनं फोन आपल्या तळहातावर ठेवला. बोटं मिटली. चौकोन बरोबर बसला. फोनखाली झाकलेली कातडी तेवढी वाचली होती, बाहेरच्या बोटांवर पाकानं थर धरला होता. शिंतोडे नव्हते, कारण पोरगी पडलीच नव्हती. आणि बुडवलेला माणूस बोटं फाकवतो, सुटायला बघतो. हिनं मूठ वळली होती.

"मग घसरली का सांगितलंस?"

कास्वेननं फळीकडे पाहिलं.

"कास्वेन. त्या कढईतल्या पाकाचं काय केलंस?"

"चुलाण पेटलेलं... पाक आलेला... बू, चार माडांची नीरा होती ती."

"काय केलंस?"

"गूळ केला."

"आणि?"

"विकला. थोडा व्यापाऱ्याला. थोडा इथंच, शेजारीपाजारी."

दारात तास्दी खोकला. मग थुंकला. मग म्हणाला, "परवा मी तुझ्याकडून नेला तो?"

कास्वेननं चुलाणात एक काटकी सरकवली.

"त्यात फोन शिजला होता?"

"फार वेळ नव्हता," कास्वेन म्हणाली.

हे चाललं असतानाच अंगणात माणसं आली. पुढं आमचे लुरासाहेब, म्हणजे गावचे पाटीलच समजा, हातात स्वतःचा मोबाईल दूर धरून, जसा साप धरावा. मोबाईलमधून पुरुषाचा आवाज रडतओरडत होता. मागं अर्धी आळी.

"कास्वेन, तुझा मुलगा आहे. ग्रामकचेरीच्या फेसबुकवरून माझा नंबर शोधला त्यानं," लुरासाहेब म्हणाले. "म्हणतो, आईनं बायकोला कढईत ढकललं. पोलीस बोलवा म्हणतो."

बिचाऱ्याचंही बरोबर होतं. कोरियात बसून त्याला काय दिसलं? आईची हनुवटी, उकळता पाक, बायकोचा हात, मग सगळं तपकिरी, मग अंधार. आणि शेवटी ऐकू आलेली आईची किंकाळी: सोड, सोड! त्यानंतर किती फोन केले तरी कुणी उचलेना. आईचा नंबर तोच, बायकोचा तोच. घरात एकच फोन.

"मी ढकललं?" कास्वेन किंचाळली. "मी? अरे मेल्या, तुझ्यासाठी..." आणि एकदम थांबली. अंगणात व्यापाऱ्याचा भाऊ उभा होता. शेजारणी होत्या, तिचा गूळ घेणाऱ्या. खरं सांगावं तर फोन कढईत पडला हे सांगावं लागणार. न सांगावं तर मुलाच्या नजरेत खुनी.

तिनं वार्तिनाबाईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. लुरासाहेब म्हणाले, "तुम्ही हात बघितलाय, बू. तुम्हीच सांगा. पोरगी कुठं जाणार? इथं की तिच्या माहेरी?"

वार्तिनाबाईनं आयुष्यात कधी कुणाची हमी घेतली नव्हती. सुकार्जोचीही नाही. तिनं लुरासाहेबांच्या हातून फोन घेतला, घरात गेली आणि दार लावलं. बाहेर आळी दाराला कान लावायला सरसावली. तास्दी दाराला पाठ टेकून उभा राहिला. त्याला गप्प राहायला चांगलंच कारण होतं. फोन शिजलेल्या गुळाचा चहा आपण प्यायलो, हे कोण सांगत सुटेल?

"दार्किम, मी वार्तिना. ओरडू नकोस, ऐक. तुझ्या आईवर माझा विश्वास नाही."

पलीकडून नुसतं "काय?" आलं.

"उशिरा घेऊन आली. टूथपेस्ट फासली. माझ्याशी खोटं बोलली. अंगठी कमरेला खोचली, ती मी तिच्याकडून काढून घेणार आहे. पण तिनं ढकललं नाही. तुझ्या बायकोच्या तळहातावर फोनच्या मापाचा चौकोन आहे, तेवढाच भाजला नाही. ढकललेलं माणूस हात उघडतं. तिनं मूठ मिटली होती. तुझी आई 'सोड' म्हणून ओरडत होती ते फोन सोड म्हणून, मला सोड म्हणून नाही. आणि पोरीनं सोडला नाही, कारण तिला वाटलं त्यात तू आहेस."

मग दार्किम म्हणाला, "हात बरा होईल?"

"चार बोटं होतील. करंगळीचं मी आत्ता सांगणार नाही."

"बू... नक्की ना, आईचं?"

"हात खोटं बोलत नाही," वार्तिनाबाई म्हणाली. "आई बोलते."

बाहेर आल्यावर तिनं फोन लुरासाहेबांना दिला. "रुस्मिनी इथंच येईल. याच घरी." कारण काही सांगितलं नाही. आळी खट्टू झाली. आळीला निकाल नको असतो, कारण हवं असतं. सगळे पांगल्यावर ती कास्वेनला म्हणाली, "माझं तोंड बंद. पण तो गूळ परत आण. व्यापाऱ्याकडचा, शेजारणींकडचा, सगळा. काय सांगायचं ते तुला सांगायला नको, थापा तुला येतात. आणि सुनेची अंगठी काढ इकडे."

कास्वेननं अंगठी दिली. गूळही परत आणला. माप चुकलं, नीरेत घालायचा चुना जास्त पडला, असं काहीबाही सांगून. आज हसत हसत ही सगळी गोष्ट तीच सांगत फिरते, पण तेव्हा आळीनं आपला अर्थ लावला. बंद दाराआड काहीतरी ठरलं. बू वार्तिनानं कास्वेनकडून काहीतरी घेतलं. नाहीतर ही बाई कुणाला सोडणारी? सुकार्जोनंही एकदा जेवता जेवता विचारलं, "खरं सांग, काय दिलं तिनं?" बाई जेवायची थांबली आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं परत तो विषय काढला नाही. पण त्याला फार बरं वाटलं, असं तो म्हणतो. संशय घेण्याची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

पुर्वोकर्तोला करंगळीवर मांडीची कातडी लावली. ती धरली. मग खरं काम सुरू झालं: कोमट पाण्यात हात, आणि बोटं एकेक करून वाकवायची, उघडायची. नाहीतर नवी कातडी आखडते आणि हात पक्ष्याच्या पंजासारखा होऊन बसतो. रुस्मिनी रडायची; कास्वेन तिच्याबरोबर रडायची आणि वाकवायची. वार्तिनाबाई न सांगता कधीही येऊन टपकायची, आणि मागच्या दारानं यायची.

"आलात?" कास्वेन म्हणायची. "अजून विश्वास नाही ना?"

"नाही."

"मग बसा. बघा डोळ्यांनी."

बाई बसायची, रुस्मिनीचा हात स्वतःच्या मांडीवर घ्यायची. अंगठा, तर्जनी, मधलं, सगळी उघडायची. करंगळी अर्ध्यावर येऊन थांबायची.

"कालच्यापेक्षा जास्त आली," एकदा कास्वेन म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. रोज मीच वाकवते ना?"

वार्तिनाबाईनं रुस्मिनीकडे पाहिलं. पोरीनं सासूकडे न बघता मान हलवली, हो म्हणून. तरीही बाईनं करंगळी सोडली, पहिल्यापासून सुरुवात केली, आणि परत एकदा स्वतः बघून घेतलं.